टोमॅटोच्या फुलाला टोपडं

आमच्या वन्संना कुणी विचारलं, "तुम्ही काय काम करता?" तर त्या एका शब्दात सांगतात, "उसवते." समोरचा बुचकळ्यात पडला की सुईत दोरा ओवता ओवता पुढचं सांगतात, "आणि मग पुन्हा शिवते."

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. बाकी सगळा रस्ता त्यांना ताई म्हणतो. आमच्याच इमारतीच्या जिन्याखाली जी तिरपी जागा आहे, तिथे त्यांचं दुकान. आत शिवणयंत्र, एक स्टूल, भिंतीवर रिळांची फळी आणि एक गिऱ्हाईक उभं राहील एवढी फरशी. दुसरं आलं की पहिल्याला पायरीवर जाऊन थांबावं लागतं. उंच माणूस दारात दिसला की वन्सं आधी "डोकं!" असं ओरडतात आणि मग "या" म्हणतात. नवे कपडे त्या शिवत नाहीत. पँट आखूड करणं, कोट सैल करणं, चेन बदलणं, जळलेल्या बाहीला कुणाला कळणार नाही असं ठिगळ लावणं, हे त्यांचं काम. "नवं शिवणारे ढीगभर आहेत," त्या म्हणतात, "बिघडलेल्याकडे कोण बघतं?"

पण या वन्सं मला खऱ्या कळल्या त्या गच्चीवर.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि आमच्या डोक्यावर, गच्चीला लागून, वन्संची एकच खोली. गच्चीत रंगाच्या रिकाम्या बादल्या, मोडक्या कपाटाचे खण, गळकं घमेलं, जे मिळेल त्यात माती भरलेली आणि त्यात टोमॅटो. थोडे छोटे जांभळे, गोट्यांएवढे. बाकी सगळे काळे. काळे म्हणजे अगदी कोळशासारखे नव्हेत. देठाजवळ हिरवट, खाली येता येता विटकरी, मग जांभळट आणि बुडाशी जुन्या तांब्याच्या भांड्यासारखे काळपट. आकारही ओबडधोबड, जणू कुणी मूठ आवळून तशीच सोडली आहे. कापलं की आतला गर गडद आणि बियांभोवतीचा रस हिरवा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी तो उचलून कचऱ्याच्या डब्याकडे निघालेच होते. खालच्या लाँड्रीवाल्याने तर पाहताक्षणी विचारलं होतं, "ताई, ह्याला इस्त्री जास्त लागली का?"

"लागू दे," वन्सं म्हणाल्या. "तुझ्या गिऱ्हाइकांच्या शर्टांपेक्षा बराच दिसतोय."

चवीचं काय सांगू? आपण बाजारातून आणतो तो टोमॅटो आंबट तरी असतो नाहीतर पाणचट तरी. हा गोड, थोडा खारट आणि मागे काहीतरी धुरकट राहतं तोंडात. मीठही लागत नाही. पण वन्सं मीठ घेतातच. का घेतात ते पुढे सांगते.

हा टोमॅटो दुकानात विकत मिळत नाही. कुणीतरी दरवर्षी त्याचं बी धरायचं आणि पुढच्या वर्षी लावायचं, अशा हातांनीच तो आजवर आला आहे. एका वर्षी कुणी बी धरलं नाही की संपलं. आणि नुसतं बी धरून भागत नाही. काळ्या टोमॅटोचं फूल जरा अघळपघळ. त्यातली फळ धरणारी काडी बाहेर डोकावते. समोरच्या बाल्कनीतल्या लाल टोमॅटोवरून माशी उडून आली आणि तिने पाय पुसले, की त्या फळातलं बी मिसळलं. पुढच्या वर्षी काय येईल याचा नेम नाही. म्हणून वन्सं काय करतात, तर मच्छरदाणीच्या कापडाच्या इवल्याशा पिशव्या शिवतात, त्यांना तोंडाशी नाडी घालतात आणि फूल उमलायच्या आत कळ्यांच्या घोसावर चढवून हलकेच आवळतात. फळ वाटाण्याएवढं धरलं की पिशवी काढतात आणि देठाला काळा दोरा बांधतात. काळा दोरा म्हणजे हे फळ बियांचं, खायचं नाही. पिशवी कसली, टोपडंच ते. गच्चीत कपडे वाळत घालायला आलेल्या बायका म्हणायच्या, "टोपडी झाली, आता दुपटीही शिवा!"

"शिवली असती," वन्सं म्हणायच्या, "पण ही कार्टी एका जागी उभी राहतात. टोपड्यावर भागतं."

मूलबाळ नाही त्यांना. पण हे त्या अशा सहज म्हणायच्या की ऐकणारीला वाईट वाटायला फुरसतच मिळत नसे.

हे बी त्यांच्याकडे आलं ते इस्पितळातून. मी तेव्हा नवी होते, पण मला सगळं आठवतं. वन्संचे यजमान, आम्ही त्यांना भावजी म्हणायचो, फार आजारी होते. पोटाचं मोठं ऑपरेशन झालं आणि मग त्यांनी खाणंच सोडलं. घास पुढे केला की तोंड भिंतीकडे. डॉक्टर म्हणाले, "औषधं आम्ही देऊ. जेवायचं त्यांनाच आहे." वन्सं दिवसभर तिथे बसून. पर्समध्ये सुईदोरा कायमचा, म्हणून इस्पितळातल्या लोकांची सुटलेली बटणं लावत बसायच्या. हात रिकामा राहिला की मन नको तिकडे जातं, असं त्यांचं म्हणणं.

इस्पितळाच्या मागे, जिथे चादरी वाळत घालतात, तिथे एक माळी होते. बागेचं काम झालं की भिंतीकडेच्या पट्टीत स्वतःची भाजी लावायचे. त्यांच्या सदऱ्याची बाही कोपरापासून उसवलेली वन्संनी पाहिली आणि म्हणाल्या, "काढा तो, शिवून देते." माळीदादा लाजले. चादरींच्या आड जाऊन सदरा काढून दिला आणि टीप घालून होईपर्यंत तिथेच उभे राहिले. मग परत आले ते हातात एक काळा टोमॅटो घेऊन.

वन्संना वाटलं, सडका आहे. पण माणूस प्रेमाने देतोय म्हणून घेतला आणि भावजींच्या खाटेशेजारी खिडकीत ठेवून दिला. संध्याकाळी भावजींची नजर त्यावर गेली.

"हे काय आणलंयस?"

"टोमॅटो."

"मेलेला?"

आणि ते हसले. टाके दुखले म्हणून पोटावर हात दाबून हसले. मग म्हणाले, "काप बघू. मीठ आहे का?"

एक फोड खाल्ली. दुसरी मागितली. दुसऱ्या दिवशी वन्सं चादरींच्या मागे धावत गेल्या आणि माळीदादांनी न विचारता आणखी दोन तोडून दिले. त्यानंतर भात, मग पोळी. भावजी घरी आले. नंतर बरीच वर्षं आमच्यात राहिले, गच्चीत खुर्ची टाकून टोमॅटोंना पाणी घालत आणि लाँड्रीवाल्याशी वाद घालत. पुढे गेले, ते शांतपणे, वय होऊन गेले. वन्सं म्हणतात, ती मधली वर्षं देवाने वरून दिली, पण धाडली माळ्याच्या हातून.

इस्पितळातून निघताना माळीदादांनी एका चिंधीवर वाळवलेलं बी दिलं होतं. "लावा," म्हणाले. "आणि दरवर्षी धरत जा. माझं कधी गेलं, तर तुमच्याकडे मागायला येईन."

"या," वन्सं म्हणाल्या. "तुम्हाला नाही म्हणणार नाही. शब्द आहे माझा."

तर एवढ्यासाठी ती टोपडी.

आता वन्संची एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आलं. पेरून उरलेलं बी त्या घरात ठेवत नसत. "साठवलं की उंदीर खातात, नाहीतर आपल्याला गर्व चढतो," असं म्हणायच्या. मग ते वाटायचं कसं? अस्तराच्या तुकड्यात चार-दोन बिया गुंडाळायच्या, काळ्या दोऱ्याने पुरचुंडी बांधायची आणि ज्याचा कपडा दुरुस्तीला आला असेल त्याच्या खिशात गुपचूप सरकवायची. बोलायचं काही नाही.

"अहो, सांगा तरी त्यांना," मी एकदा म्हटलं होतं.

"सांगितलं की ते आभार मानतात. मग दिल्यासारखं काय राहिलं?"

त्यांचा असा पक्का समज होता की अर्ध्या गावात आता काळे टोमॅटो लागत असणार.

गेल्या हंगामाच्या शेवटी दुकानात एक टपालवाली आली. गणवेशाच्या पँटचा खिसा फाटला होता, पत्रं घालून घालून. वन्संनी डबा उघडला होता, त्यात टोमॅटोच्या फोडी. टपालवाली खिशाचं सांगता सांगता थांबली.

"ताई, हे... हे तुम्हाला कुठे मिळालं?"

"गच्चीत. का गं?"

"माझे बाबा लावायचे. इस्पितळात माळी होते ना ते."

वन्संच्या हातातली कात्री तशीच राहिली.

माळीदादा निवृत्त झाले होते. ती पट्टी बुजवून तिथे गाड्या लावायची जागा झाली. बी त्यांनी घरी ठेवलं होतं, ते उंदरांनी फस्त केलं. आता मुलीकडेच राहतात, बरंचसं विसरतात, बोलतातही कमी. पण मधूनच विचारतात, "काळा लावला का?" तिने कुठून कुठून पाकिटं मागवून लावून पाहिली. बाबांनी एक चावा घेतला आणि ताटली बाजूला सारली.

"मी देते," वन्सं म्हणाल्या. "बी देते. त्यांचंच आहे ते."

त्या वर्षी करपा रोग पडून झाडं लवकर गेली होती. डब्यातल्या फोडी म्हणजे खायचे शेवटचे. पण काळ्या दोऱ्याची दोन फळं वन्संनी वेळेवर उतरवली होती, छान मऊ पिकलेली. त्यांचा बियांसकट रस एका काचेच्या ग्लासात काढला. टोमॅटोच्या बीला बुळबुळीत झिल्ली असते. ती जायला बी आपल्याच रसात नासवावं लागतं. दोन-तीन दिवसांत वर पांढरी बुरशीची साय धरते, वास सुटतो, मग धुवायचं. चांगलं बी तळाशी बसतं. याला ऊब लागते, म्हणून तो ग्लास दरवर्षी आमच्या ओट्यावर, शेगडीच्या मागे असतो. वरून वन्संनी शिवलेली कापडाची टोपी.

मी तेव्हा मुलीकडे गेले होते. घरात आमचे हेच. निवृत्त झाल्यापासून भांडी घासण्याचं खातं यांनी आपणहून घेतलं आहे आणि मी देवाचे आभार मानून दिलं आहे. माझ्यापेक्षा स्वच्छ घासतात. एरवी हंगामात मी घरात असते, तो ग्लास माझ्या नजरेखाली असतो आणि यांचं कधी तिकडे लक्षच गेलेलं नाही. मी परतणार म्हणून यांनी ओटा चकचकीत करायला घेतला. टोपी उचलली, नाक मुरडलं आणि ग्लास मोरीत पालथा.

मी घरात पाऊल टाकलं तेव्हा तो ग्लास खिडकीत उपडा, उन्हात लखलखत होता. हे बाजूला उभे, शाबासकीच्या तयारीत.

"काय नासवून ठेवलं होतंस गं ओट्यावर? बुरशी! बुरशी आली होती!"

तेवढ्यात वन्सं चाळणी घेऊन जिना उतरून आल्या. बी धुवायला.

त्यांनी ग्लासाकडे पाहिलं, मग भावाकडे. यांना काय झालं ते बहिणीच्या चेहऱ्यावरूनच कळलं असावं, कारण हे सरळ खाली बसले आणि मोरीची जाळी उपसायला लागले. पाइपाचा गुडघा खोलला. कोपरापर्यंत हात घातला. केस निघाले, गाळ निघाला, आमच्या मुलीच्या कानातलं लहानपणी हरवलेलं फूल निघालं. बी नाही.

"बी मुद्दाम नासवतात हे मला काय माहीत, ताई?" हे रडवेले झाले होते.

वन्संनी ग्लास उचलून उजेडात धरला. "घासलायस मात्र छान," म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं हे रात्री म्हणाले. दुसऱ्या दिवशी जाऊन बियांचं एक महागडं पाकीट घेऊन आले, वर काळ्या टोमॅटोचं चित्र. वन्संनी ते घेतलं, भावाच्या पाठीवर हात ठेवला आणि पाकीट खिडकीत ठेवून दिलं. पण त्या दिवसांत त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एकच पाय दोनदा आखूड केला. तो माणूस आरशासमोर उभा राहून म्हणाला, "ताई, मी कललोय का?" एरवी त्या खो खो हसल्या असत्या. आता नुसतं "उसवून देते" म्हणाल्या.

"शब्द दिला होता गं," मला म्हणाल्या. "दुसरं काही मागितलं नव्हतं त्या माणसाने. माझा नवरा मला परत दिला आणि मागितलं काय, तर चार बिया."

मी देवाजवळ सहसा काही मागत नाही. जे दिलंय तेच मोजून होत नाही. पण त्या संध्याकाळी दिवा लावताना मागितलं. मग उठले आणि म्हटलं, "वन्सं, देवाला सांगून झालं. आता आपण पाय हलवू. तुम्ही एवढ्या पुरचुंड्या वाटल्या, त्यातली एक तरी कुणाकडे असेल."

त्यांना लाज वाटत होती. गुपचूप दिलेलं परत कसं मागायचं? तरी निघालो.

पहिली कोपऱ्यावरची पाववाली. तिच्या अ‍ॅप्रनच्या खिशात पुरचुंडी गेली होती. "हो तर! लावलं ना मी!" म्हणून तिने आम्हाला मागच्या अंगणात नेलं. वेलासारखं पसरलेलं झाड आणि त्यावर लालभडक टोमॅटो, गुळगुळीत.

"पहिल्या वर्षी काळे आले," ती म्हणाली. "मग दरवर्षी लाल लाल होत गेले. मला वाटलं, माझ्याकडे येऊन सुधारले!"

तिने टोपडी घातली नव्हती. घालायची असतात हे तिला कोण सांगणार? देणाऱ्या बाईंनी तोंड उघडलं असेल तर ना.

मग दातांचे डॉक्टर. वन्संच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक, वाढत्या पोटाबरोबर त्यांचे सगळे कोट वन्संनी सैल केलेले. त्यांनी आम्हाला पेशंटच्या बाकावर बसवलं आणि पुरचुंडीचं विचारताच म्हणाले, "ती बटणं ना? दर वेळी मिळायची. पण ताई, तुमचं काम असं पक्कं की जादा बटण कधी लागलंच नाही! घर बदलताना सगळी टाकून दिली. का? कमी पडतायत का?"

"नाही नाही," वन्सं म्हणाल्या. "सहज."

बाहेर पायरीवर येऊन त्या मटकन खाली बसल्या. मला वाटलं रडतायत. पाहते तर हसत होत्या. "बटणं गं! सगळ्यांना बटणं वाटली! आणि मी आपली समजतेय, गावभर काळे टोमॅटो..." हसता हसता पदराने डोळे पुसायला लागल्या आणि मग खरंच रडल्या.

मी मात्र पायरीवर तशीच उभी राहिले. बटणं म्हणून. पाववाली सोडली तर कुणी उघडलीच नसतील. ज्यांनी टाकली त्यांनी टाकली. पण घरात असा एक माणूस आहे जो काही टाकत नाही आणि कोट तर त्याने सैल करून घेतल्यावर एकदाच घातला आहे.

"वन्सं, यांच्या निरोप समारंभाचा कोट तुम्ही सैल केला होतात ना?"

त्या तडक उठल्या.

हे ओट्यापाशीच होते. मी दारातूनच विचारलं, "अहो, तुमचा कोट कुठाय?"

"का? कुणाचं लग्न आहे?"

"कोट!"

कोट कपाटाच्या अगदी मागे, लाँड्रीच्या पिशवीत होता. बाहेरचे खिसे रिकामे. आतल्या खिशात एक हातरुमाल, समारंभातला एक गजऱ्याचा सुकलेला धागा आणि तळाशी, शिवणीला चिकटून, अस्तराची पुरचुंडी. काळा दोरा.

"ही होय!" हे म्हणाले. "ही बटणं आहेत. मला माहीत होतं, ताई नेहमी देते. मुद्दाम जपून ठेवली." आणि मग आमच्या दोघींचे चेहरे पाहून यांच्या लक्षात आलं. नळाखाली हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले आणि मग ओंजळ पुढे केली. वन्संनी त्या ओंजळीत पुरचुंडी सोडवली. सपाट, फिकट, केसाळ बिया, कापडाला चिकटलेल्या. मूठभरही नव्हेत, चिमूटभर. आणि जुन्या. टोमॅटोचं बी काही वर्षं तग धरतं, पण कुठवर ते त्यालाच ठाऊक.

टपालवाली पँट न्यायला आली तेव्हा वन्संनी तिला काही लपवलं नाही. ग्लासाचं सांगितलं, कोटाचं सांगितलं. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "मग बाबांना काय सांगू?"

"सांग, काळा लावणार आहोत," वन्सं म्हणाल्या. "उगवेल का ते मला माहीत नाही. पण लावणार हे खरं."

पेरणीच्या वेळी त्या बिया छोट्या वाट्यांत पडल्या आणि वाट्या आमच्या ओट्यावर, शेगडीच्या मागे, त्याच जागी. यांनी त्या बाजूचा ओटा पुसणंच सोडलं. मी भांडं सरकवलं तरी हे म्हणायचे, "सांभाळून!" सकाळी चहाच्या आधी वाट्यांत डोकावायचं. माती काळी ती काळीच. वन्सं दुकानात गेल्या की मला वाटे, आज काही नाही दिसलं तर त्यांना सांगायचं कसं? आणि एका सकाळी हे हळूच हाक मारू लागले, इतक्या हळू की जणू मोठ्याने बोललं तर ते परत मातीत जाईल. दोन कोंब, वाकलेले, डोक्यावर बीचं टरफल तसंच. मी हात जोडले. यांनीही जोडले, आणि हे काही त्यातले नव्हेत.

एका कोंबाने मान टाकली. दुसरा राहिला. एकच झाड, पण वन्संनी त्याला कसं जपलं ते सांगून कळायचं नाही. कळ्या आल्या तशी टोपडी चढली. यंदा गच्चीतल्या बायका थट्टा करायला आल्या नाहीत. एकीने आपली फाटकी मच्छरदाणीच आणून दिली.

पहिलं फळ काळ्या दोऱ्याचं. ते घेऊन आम्ही दोघी टपालवालीच्या घरी गेलो. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीशी खुर्ची, खुर्चीत माळीदादा. अंगावर पांघरूण, पायांत लोकरीचे मोजे. त्यांनी वन्संना ओळखलं नाही. नमस्काराला नमस्कार केला आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले.

वन्सं त्यांच्यासमोर स्टुलावर बसल्या. टोमॅटो त्यांच्या तळहातावर ठेवला.

त्या हातांना मात्र सगळं आठवत होतं. अंगठा बुडाशी गेला, हलकेच दाबून पाहिलं. देठ नाकाशी नेला. मग मुलीकडे न बघताच म्हणाले, "मीठ."

मुलगी ताटली, सुरी, मीठ घेऊन आली. त्यांनी स्वतः कापला, अगदी सरळ. एक फोड खाल्ली. हनुवटीवर हिरवट रस ओघळला तो पुसू दिला नाही. दुसरी खाल्ली. मग सुरीच्या पाठीने उरलेल्या गरातल्या बिया एकेक करून ताटलीच्या कडेला सारू लागले. मुलगी भिंतीला टेकून उभी होती.

"ह्या बाईंना बी बांधून दे," ते तिला म्हणाले. "ह्यांचा माणूस आत आहे. त्याच्या तोंडाला चव नाही."

टपालवालीने घाबरून वन्संकडे पाहिलं. आता ह्या काय म्हणतात? मीही पाहिलं.

वन्संनी पर्समधून अस्तराचा तुकडा काढला, गुडघ्यावर पसरला आणि पुढे केला. "द्या दादा," म्हणाल्या. "खाल्लं हो त्यांनी. दुसरी फोडही मागून खाल्ली."

"मग घरी नेलं की नाही?"

"नेलं. चांगले झाले. गच्चीत बसून पाणी घालायचे झाडांना."

माळीदादांनी मान हलवली. अर्ध्या बिया वन्संच्या तुकड्यावर सारल्या, अर्ध्या ताटलीत मुलीसाठी ठेवल्या.

"त्यांना सांगा, पाणी बेताने घाला," ते म्हणाले. "लोक फार पाणी घालतात. मग चव जाते."

"सांगते," वन्सं म्हणाल्या, आणि काळ्या दोऱ्याची गाठ मारली.